शिवून तयार असलेला कोट

"आई, माझ्या मैत्रिणीला फोनवर तू क्लासची प्रवेश परीक्षा उद्यावर गेल्याचं सांगितलंस?"

"सांगितलं! मेडिकलच्या मोफत क्लासला जागा एकच होती. मिळाली ना तुला?"

"क्लासच्या दारात ढसाढसा रडत होती ती!"

"रडू दे. जन्मभर दुसऱ्यांच्या डॉक्टर लेकरांचे कोट शिवले मी. एक तरी घरच्या मापाचा नको?"

शिलाई मशीनवर तो पांढरा कोट तयारच होता. आईने दातांनी दोरा तोडला. "घालून बघ गं, खांद्यात बसतोय का."

"आग लाव त्याला! मी सरांना सगळं सांगणार आहे."

"जागा जाईल, बये! आणि या शिलाईपायी माझे डोळे गेले, त्याचं काय?"

लेकीने पायांत चपला सरकवल्या आणि ती सरांकडे निघाली.