सोळा म्हणजे लहान

या रोलच्या कॅमेऱ्याचे आकडे ज्याने ठरवले, त्याला एकदा भेटायचं आहे. भिंगाची कडी सोळावर नेली की प्रकाशाचं भोक लहान होतं, आणि दोनवर आणली की मोठं. भर उन्हात आई फोटोसाठी चष्मा काढून अंगणात बसलेली, आणि मी आपला कडीच फिरवतोय.

"झालं का रे? मला तर तू धुरकट दिसतोस," ती म्हणाली आणि मला बघायला तिने डोळे बारीक केले.

भोक बारीक केलं की स्पष्ट दिसतं. कॅमेऱ्याला एवढंच म्हणायचं होतं, तर सरळ म्हणायचं ना. मी चिडूनच कडी सोळावर नेली.

फोटो लख्ख आला. आई डोळे बारीक करून मला शोधते आहे, आणि फोटोत मी कुठेच नाही.