आठ ठोके

सुकापूरला यायला टेम्पो भरला, तेव्हा आईने सगळ्यात वर बाबांचा ढोल गोधडीत गुंडाळून ठेवला होता. बाबांनी तो खाली उतरवला. म्हणाले, "ढोल हितंच ऱ्हाऊ दे. तितं तुला कोन वलकत नाय. सुखानं ऱ्हाशील."

वाडीतल्या माणसांनो, तसंच झालं. इथं घरात नळ आहे, लिफ्ट आहे, आणि आपण बौद्धवाडीतले हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दर सव्वीस जानेवारीला सोसायटीत ते झेंड्याचं गाणं होतं. आता तालुकाभर म्हणतात. छापील कागदावर गाण्याखाली लिहितात, 'पारंपरिक'. कसली डोंबलाची परंपरा! समाजमंदिराच्या ओट्यावर बसून बाबांनी ते रचलं, तेव्हा तुम्हीच कोरसला होतात.

दुसऱ्या कडव्यानंतर गाणं थांबतं, ढोलाचे आठ ठोके पडतात आणि लोक त्यावर टाळ्या वाजवतात. पोरांना तर तेवढंच आवडतं. तिथं आधी कडवं होतं:

झेंडा चढला उंच, वारा साऱ्यांचा झाला,
विहिरीचा दोर कधी द्याल आमच्या हाताला?

"शुभदिवशी विहिरीचं रडगाणं कशाला?" असं म्हणून गावच्या शाळेतल्या हेडगुरुजींनी ते काढायला लावलं. बाबांनी हो म्हटलं आणि तेवढ्याच मापाचे ठोके घातले. घरी येऊन म्हणाले, "शब्द काडले त्यांनी. जागा मी सोडली नाय."

आणि त्या जागेवर मी अकरा वर्षं टाळ्या वाजवल्या. हसत हसत. गुरुजींपेक्षा जास्त संताप मला माझ्या या हातांचा येतो.

यंदा आधीच सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, कागदावर बाबांचं नाव घाला. ते म्हणाले, "अहो, कशाला जुनं उकरून काढता? आता सगळे एकच आहोत ना?" एकच, मग नाव लिहायला हात का जड होतो?

सव्वीस जानेवारीला ठोके सुरू झाले. शेजारी माझी लेक टाळ्या वाजवायला लागली. मी तिचे हात धरले आणि ते काढलेलं कडवं म्हटलं, एकट्याने, बेसूर. टाळ्या पांगल्या. ढोलवाला गोंधळून थांबला. नंतर समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही कुठले?" मी वाडीचं नाव सांगितलं, मोठ्याने.

तेव्हापासून त्यांच्या घरून भाजीची वाटी येत नाही. नाही आली तर नाही. जिथं कुणी ओळखत नाही तिथं सुख असतं, घर नसतं, एवढं मला कळलंय.

बाबांना सांगा, ढोल पाठवून द्या.