मी पाळलेला बिबट्या

बसा. चहा उकळेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. कुठूनतरी तुमच्या कानावर येणारच आहे, तर ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. गाव तिच्यात मीठमिरची घालतं. मीही घालते, पण मी निदान बेतानं घालते.

आधीच सांगून ठेवते, मी कुणाला भीत नाही. ठाणाकुशनूरच्या बाजारात कुणालाही विचारा, कलाक्का आली म्हटलं की तराजू आपोआप सरळ होतो. शाळेची पायरी चढले नाही. मराठी अक्षरं किराण्याच्या पुड्यांवरून उचलली, कन्नड अक्षरं बसच्या पाट्यांवरून, आणि मोबाइल तर कुणाच्या बापाला न विचारता शिकले. अशी मी. आणि आता जे सांगणार आहे, त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत मी भ्यालेलीच आहे!

झालं काय, या वयात मला फोटोंचा नाद लागला. मोबाइलवर 'चौकट' नावाचा एक ग्रुप आहे. सोलापूर, लातूर, पुणे, कुठकुठली हौशी माणसं त्यात. आपण काढलेला फोटो टाकायचा, खाली लिहायचं 'चुका सांगा', की लोक चुका सांगतात. नियम असा, की आधी एक गुण सांगायचा आणि मग दोष. मी सरळ दोषावर जाते. माझं वय बघता गुण सांगत बसायला वेळ कुठं आहे?

एकानं मावळत्या सूर्याचा फोटो टाकला. मी लिहिलं, "सूर्य रोजच बुडतो. त्यात तू काय केलंस?" एका पोरीनं कुठल्याशा म्हातारीच्या सुरकुत्यांचा फोटो टाकला, लोक वाहवा करत सुटले. मी विचारलं, "फोटो काढलास ते ठीक. तिला चहा तरी पाजलास का?" लोक मला टरकून असायचे. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी मी शेतात गवरीचा फोटो काढला. गवरी म्हणजे आमची गाय. लिंबाखाली बांधलेली, शिंगांवर कोवळं ऊन, पोट हे एवढं. दिवस भरत आले होते तिचे. घरी येऊन फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "चुका सांगा. असल्या तर."

आमच्या ग्रुपात सोलापूरचे एक इनामदार सर आहेत, चित्रकलेचे रिटायर मास्तर. त्यांनी लगेच लिहिलं, "आजी, गाईवरचा उजेड सुंदर. पण मागे उजव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळट, धुरकट आहे. नजर तिथे अडकते. एक तर ते स्पष्ट करा, नाही तर काढून टाका."

माझ्या फोटोत धुरकट? तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, या मास्तरला दाखवतेच. मोबाइलात एक अॅप होतं, फोटोतलं अंधुक असेल ते आपोआप लख्ख करून देणारं. त्यात गवरीला घातलं, बोट दाबलं, वरती एक चाक गरगरलं आणि फोटो कसा चकचकीत होऊन बाहेर आला. मोबाइलची काच तडकलेली, चष्मा कुठं ठेवला ते आठवेना. पण चकाकी तर दिसली. दिला टाकून. "घ्या, केलं स्पष्ट!" असं लिहून भाकऱ्या थापायला बसले.

दुसरी भाकरी तव्यावर होती, तोवर मोबाइल नुसता थरथरायला लागला. पिठाच्या बोटांनी उघडला. काय सांगू! आजवर एवढी माणसं माझ्या फोटोखाली जमली नव्हती.

"बाप रे! काय देखणी आहे!"

"डोळे बघा तिचे!"

मी म्हटलं, चला, गवरीचं सोनं झालं.

एकानं विचारलं, "आजी, ही तुमच्या शेतात नेहमी येते?"

मी लिहिलं, "येते म्हणजे? घरचीच हाय. रोज माझ्या हातानं खाते."

"भीती नाही वाटत?"

"भ्यायचं कामून? लई गरीब हाय. लेकरं पाठीवर बसत्यात."

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मला वाटलं, भारावून गेले असतील. मग त्या सुरकुत्यावाल्या पोरीनं हळूच लिहिलं, "आजी, पोट मोठं दिसतंय."

"पोटुशी हाय. ह्याच आठवड्यात व्यायची. खरवस खायला या समदी!"

आणि मग फोन वाजला. इनामदार सर. आजवर कधी फोन केला नव्हता माणसानं.

"आजी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"ती गाईच्या मागे बसलेली, ती खरंच तुम्ही पाळलीय?"

"गाईच्या मागं कोण बसलंय?"

सरांचा आवाज एकदम खाली गेला. "आजी, चष्मा लावा. फोटो मोठा करा. उजवा कोपरा."

चष्मा पिठाच्या डब्यामागं सापडला. फोटो दोन बोटांनी ताणला. कडब्याच्या गंजीवर, पिवळंधमक अंग, त्यावर काळे ठिपके, दोन गोल कान, आणि दोन डोळे. बिबट्या!

हातातला मोबाइल परातीत पडला. मी सकाळी तिथंच, एका गुडघ्यावर बसून, "हिकडं बघ माय, हिकडं" म्हणून गवरीला चुचकारत होते. फोटोत गवरी भलतीकडंच बघतेय. माझ्याकडं टक लावून बघणारं एकटं तेच होतं!

तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी मी आपली परातीकडं बघत बसलेली. माझी सून सुमन धुरानं धावत आली.

"आत्याबाई, काय झालं? बोलनात का?"

"सुमन," मी म्हटलं, "गवरीला सोडून आले गं मी. बिबट्याच्या तोंडापुढं बांधून आले."

बांधलेली! तिला पळतासुद्धा यायचं नाही. आणि पोटात वासरू. बाकी काही असो, त्या मुक्या जिवाला मी दाव्यानं आवळून आले होते. मी भिंतीला टेकवलेली काठी उचलली.

"एकल्या जाऊ नका, आत्याबाई!"

"मग कोण जाईल? तुझा नवरा तर भालकीला जाऊन बसलाय."

सुमननं आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. कुणी कुऱ्हाड आणली, कुणी थाळी बडवायला आणली. सगळे शूर आणि सगळे एकमेकांच्या मागं. शेजारचा मारुतीअण्णा तर चक्क माझ्या पदराआड उभा.

"अण्णा, गडी माणूस ना तू? हो म्होरं!"

"तुमी व्हा म्होरं, अक्का. तुमच्या वळखीचा हाय."

"कोण वळखीचा?"

"न्हाई, म्हंजे मोबाइलात आलंय म्हणं. तुमच्या हातानं खातो म्हणून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी काय लिहून बसले होते! हातानं खाते, लेकरं पाठीवर बसतात, ह्याच आठवड्यात व्यायची. अरे देवा! पुसून टाकावं म्हणून मोबाइल शोधते, तर तो परातीतच राहिलेला. तो आणायला सुमनला घरात पाठवलं, आणि तेवढ्यात धुरळा उडवत वन खात्याची जीप येऊन उभी राहिली. ग्रुपातल्या कुणीतरी पुण्यात बसून फोन लावला होता, की बिदरकडं एका म्हातारीनं बिबटीण पाळलीय.

जीपमधून खाकी कपड्यांतली एक तरणी पोर उतरली. तिचं नाव महादेवी, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त पट्टा आणि बूट दिसले.

"अज्जी, चिरते एल्लिदे? बिबट्या कुठं ठेवलाय?"

"माझा न्हाई तो!"

"तुम्हीच लिहिलंय, अज्जी. घरचीच हाय म्हणून."

"ते गाईचं लिवलंय, बाई! गाय!"

"पाळणारे सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली. "पिल्लं झाली का? किती?"

मी गावाकडं बघितलं. ज्यांच्या घरची बाळंतपणं मी निस्तरली, त्यातलं एक माणूस पुढं येईल तर शपथ! मारुतीअण्णा तर आभाळात काहीतरी शोधत होता. म्हणजे बघा, शेतात बिबट्या आणि दारात जेल. कलबुर्गीच्या जेलात भाकरी ज्वारीची देतात का गव्हाची, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

"मला धर, बेडी घाल," मी म्हटलं, "पण आधी माझी गाय सोडव. मग कुठं न्यायचं तिथं ने."

पोरीनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "चला, वाट दाखवा."

तूर डोक्याएवढी उभी होती. त्यातून पायवाट. वारा नव्हता तरी मला प्रत्येक पान हलताना दिसत होतं. मागं सगळं गाव दबकत. सुमन मोबाइल घेऊन मला चिकटलेली. एका होला पाखरानं फडफड केली तर मी महादेवीचा पट्टाच धरला. काठी केव्हा हातातून गळाली, देव जाणे.

बांधावर आलो आणि पोरीनं हात वर केला. सगळे जागच्या जागी. मी एक डोळा मिटला, एक उघडा ठेवला.

गंजीवर तो होता. पिवळा. ठिपक्यांचा. पसरलेला.

आणि गवरी? गवरीनं दावं तोडलेलं. ती हळूहळू त्याच्याकडं चाललेली! ती गेली, मान वर केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं बिबट्याचा कान तोंडात धरला. धरला आणि चघळायला लागली! बिबट्या हूं नाही का चूं नाही. तिनं हिसडा दिला, तसा तो अख्खाच्या अख्खा खाली लोंबला.

पहिला आवाज सुमनचा.

"अगं बाई! ही तर आपली वाकळ! विहिरीवर धुऊन मीच टाकली की वाळत!"

माझीच गोधडी. माझ्याच जुन्या पिवळ्या, बुट्ट्याबुट्ट्यांच्या लुगड्याची, मीच शिवलेली! महादेवीनं मोबाइलातला पहिला फोटो काढून बघितला. त्यात नुसतं पिवळं धुरकट. ते त्या अॅपला स्पष्ट करायला सांगितलं, तर त्या गाढवाला वाकळ म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्यानं आपल्या मनानं कान लावले, डोळे लावले आणि बिबट्या करून दिला.

महादेवी बांधावर बसून इतकी हसली की तिची टोपी तुरीत पडली. गाव तर अजून हसतंय. दोन दिवसांनी गवरी सुखरूप व्याली, कालवड झाली. मी नाव ठेवलं लक्ष्मी. गावानं ठेवलं बिबटी. ती कुठल्या नावाला ओ देते, ते विचारू नका.

आता राहिला ग्रुप. महादेवीनं बजावलं होतं, खरं काय ते लिहून टाका. मग मान खाली घालून लिहिलं, पहिला फोटो पुन्हा टाकला. लोक हसले, हसू दे. पण इनामदार सरांनी तो फोटो मोठा करून बघितला असावा, आणि मला लिहून गोधडीचा जवळून एक फोटो मागवून घेतला. मग लिहिलं, "आजी, रंगांची जुळणी फार सुरेख. टाके मात्र एका रेषेत नाहीत."

माझे टाके? अर्ध्या गावाला मी वाकळी शिवून दिल्यात. माझ्या टाक्याला बोट लावायची कुणाची छाती झाली नाही आजवर! उत्तर लिहिलं, पुसलं. त्याहून तिखट लिहिलं, तेही पुसलं. शेवटी वाकळ अंगणात अंथरली, चष्मा लावला आणि गुडघ्यांवर बसून टाक्यामागून टाका बघत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सुमन दारात येऊन उभी राहिली. "काय बघायलाव, आत्याबाई? पुन्हा बिबट्या दिसायलाय का?"

"त्याच्याहून वाईट गं," मी म्हटलं. "मास्तरचं खरं हाय."