न घेतलेलं इंजेक्शन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकाला नाही, आणि जनाक्काला तर — तिला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं. मग ते मधेच कुठंतरी अडकतं.

येरमाळ्याजवळच्या एका लहान गावात मी राहते. साठी उलटलीय. आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष — शेवया, पापड, कुरडया करतो आम्ही. आवाज माझा मोठा. एसटी फाट्यावर थांबेना, तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभी राहिलेली बाई मीच. चुलीमागं नाग निघाला, तेव्हा टोपल्याखाली झाकून वर पाटा ठेवला, तोही मीच. काही अडलं की गाव म्हणायचं, सुमनताईला पुढं घाला. आणि खोटं कशाला बोलू — मला ते लई आवडायचं.

तर येरमाळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा गटात आल्या. म्हणाल्या, साठीपुढच्यांनी थंडीच्या आधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या. बायका बिचकल्या. कुणी म्हणे हात लुळा पडतो, कुणी म्हणे ताप चढतो. मग मी उठले.

"मुंगी चावल्यावानी लागतंय! बाळंतपणं काढलेल्या बाया आपण, अन् सुईला भ्यायचं व्हय गं?"

सगळ्या हसल्या आणि तयार झाल्या. जीप ठरवली. गाणी म्हणत येरमाळ्याला गेलो. जनाक्का तेवढी नव्हती. जनाक्का म्हणजे माझी शेजारीण, माझ्याहून थोरली, दम्याची. ती लेकीकडं लातूरला गेलेली.

दवाखान्यात एकेक बाई आत जायची आणि दंड चोळत, हसत बाहेर यायची. माझा नंबर शेवटचा. मीच लावून घेतला होता — का, ते तुम्ही ओळखलंच असेल. आत गेले. बाईंनी सुई वर धरली, टोकाला एक थेंब आला. नागाला न भ्यालेली मी, घामानं झंपर भिजला. तोंडातून आपोआप निघालं, "बाई, मी सोलापूरला लेकाकडं दोन्ही घेतल्यात. ह्या बायकांना धीर द्यायला आले नुसती."

बाईंना कौतुक वाटलं. त्या हात धुवायला वळल्या तशी मी कापसाचा बोळा उचलला, दंडावर दाबला आणि बाहेर आले.

"लागलं का ताई?"

"काय बी न्हाय," मी म्हणाले. तेवढं मात्र खरं होतं!

घरी मालकांनी पाणी भरलं, चहा केला. मी अधूनमधून कण्हत होते. बिचारे दंडाला तेल लावू का विचारत होते. इथवर सगळी गंमतच, नाही का?

थंडीत मला न्यूमोनिया झाला. धाराशिवला ॲडमिट केलं. वाचले. घरी आले तर गावात एकच बोलणं — ताईनं लस घेतली तरी झालाच की, मग काय उपेग? ज्या बायकांनी खरोखर घेतली होती, त्या हिवाळाभर धडधाकट पापड लाटत होत्या. पण ते कुणाच्या ध्यानात येतंय? बोलबाला माझ्या आजाराचा. मी अंथरुणात पडून ऐकत होते. एक वाक्य बोलायचं होतं. एकच. बोलले का? न्हाय.

पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाई मला विचारू लागल्या, बायका का येईनात? मी म्हणाले, सुगीची कामं हायेत.

आणि मग — इथंच माझी जीभ अडते — जनाक्का आली. उंबऱ्यावर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "सुमन, लेक म्हणती घे, गाव म्हणतंय नगं. तू सांगशील तसं करते."

दुसरं कुणी नव्हतं. ती आणि मी. सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी येरमाळ्याला गेलो असतो. मला ते तेव्हाही कळत होतं.

"ज्याचं त्याचं नशीब, अक्का," मी म्हणाले. "मी काय सांगू?"

तिनं घेतली नाही. पौषात तिला न्यूमोनियानं धरलं. तोंडाला ऑक्सिजन लावलेला मी पाहिला. ती वाचली — गोड बोलणारी, चेष्टा करणारी जनाक्का परत आली, पण निम्मा श्वास तिकडंच ठेवून आली.

त्यानंतरच्या वर्षी मीच जीप ठरवली. जनाक्काचे हाल बघितलेल्या बायका या खेपेला आल्या. डॉक्टरीणबाई बदलून गेल्या होत्या, नवे डॉक्टर होते. त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, आधी काहीच घेतलेलं न्हाय. मग सगळ्यांच्या देखत पहिला नंबर लावला. सुई टोचली आणि मी अशी किंचाळले, की बाहेरचा जीपवाला आत धावत आला! बायका हसून हसून खाली बसल्या. आणि लागलं किती? मुंगी चावल्यावानी.

"मागल्या खेपंला तर वरडली न्हाईस?" एकीनं विचारलं.

जनाक्कानं माझा हात धरला होता. तीच म्हणाली, "आजारानं भ्यालीय गं ती. तरी बी आली बघा, दुसऱ्यांदा." आणि स्वतःचा दंड पुढं केला.

मी कापसाचा बोळा दंडावर दाबला आणि तिला जागा दिली.

आता गावातल्या बायका दर वर्षी थंडीआधी न चुकता जातात, जाताना गाणी म्हणतात. श्रेय मला देतात. मी घेते.

येरमाळ्याच्या डोंगरावरच्या येडेश्वरी देवीला आम्ही दोघी अजून जातो. जनाक्काला पायऱ्या चढवत नाहीत. ती खालीच बसते, प्रसादवाल्याशी भाव करत हसते आणि मला म्हणते, माझ्या वाटचा नमस्कार तूच कर.

मी वर जाते. करते.