न हरलेली

वेल्टरवेटमधला सर्वांत मोठा कोण, असं शेलार सरांना विचारायची चूक करू नये. निदान गॅसवर कुकर ठेवून आला असाल तर. खडकीतल्या आमच्या बॉक्सिंगच्या हॉलवर रविवारचा सराव संपला की सर स्टुलावर बसून जगभरच्या वेल्टरवेटांची क्रमवारी लावत. साधारण पासष्ट किलोचा तो गट. मीही त्यातच खेळायचे. अमका एकदाही हरला नाही, असं कोणी म्हणालं की सर चष्म्यावरून बघत. "मीही बुद्धिबळात कधी हरलो नाही. खेळतच नाही." मग त्या अमक्याचे विजय एकेक करून सोलत. हा लिंबूटिंबू, हा म्हातारा, हा आदल्याच महिन्यात मार खाऊन आलेला. "किती जिंकला ते राहू दे. हरवलं कुणाला, तेवढं बोल."

माझ्या हाताला पट्ट्या मात्र ते स्वतः बांधत. दुखतंय का, असं कधी विचारलं नाही. नुसता माझा चेहरा बघून सैल करत. वडिलांना त्यांचा थोडा हेवाच वाटायचा.

मी एकही लढत हरले नव्हते. त्याचा मला माज होता, आणि का नसावा? धास्ती एकाच मुलीची, मांजरी गावातल्या कविताची. शहर स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिच्याशी गाठ होती, पण ती आलीच नाही. सर म्हणाले, घाबरली तुला. मग म्हणाले, "आता थांब. न हरलेली म्हणून थांब." मी सरांचं कधी मोडलं नव्हतं. थांबले.

गेल्या वर्षी भाचीच्या शाळेत क्रीडादिनाला कविता भेटली. तिथे ती खेळाची शिक्षिका आहे. माझा हात हातात घेऊन तिने हळूच विचारलं, वडील गेल्यावर आईने कसं निभावलं? माझे वडील दहा पावलांवर भाचीची पाण्याची बाटली धरून उभे होते.

मग सगळं बाहेर आलं. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सर तिच्या घरी गेले होते. पोरीचा बाप गेलाय, हे पदक मिळालं तर नोकरीला उपयोग होईल, यंदा तेवढं सोड, म्हणाले. तिने सोडलं. इतकी वर्षं ती बिचारी माझ्यासाठी हळहळत होती.

मी तडक सरांकडे गेले. टीव्हीवर कुठलीशी लढत चालू होती. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही.

"तिच्या डाव्या हाताला तुझ्याकडे उत्तर नव्हतं. हरली असतीस," ते म्हणाले. "माझ्या हाताखालची एक तरी न हरलेली असावी, असं वाटलं."

म्हणजे माझ्या जिवंत बापाला मारलं ते स्वतःच्या हौसेसाठी. आणि माझं खेळणं थांबवलं तेही त्यासाठीच. इतका विश्वास मी आयुष्यात दुसऱ्या कुणावर टाकला नव्हता.

सरांनी टीव्हीचा आवाज कमी केला. चहा टाकू का, म्हणाले.

"हरले असते, सर," मी चपला घालत म्हटलं. "पण पुढच्या वर्षी परत लढले असते."