तीन नंबरच्या टाकीवरची लाल रेष

तीन नंबरच्या टाकीवर लाल रेष उमटली तेव्हा मी आधी घड्याळ पाहिलं. सकाळचे सव्वाअकरा. रिपोर्टमध्ये वेळ टाकावी लागते.

रेष जिऱ्याएवढी होती. वेल्डिंगच्या जोडाला लागून. मी टाकी धुतली, वाळवली आणि पहिल्यापासून टेस्ट घेतली. रेष तिथेच. तिसऱ्यांदा घेतली. तिथेच.

मी तेव्हा सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर होते. जोड तपासायची आमची पद्धत साधी. त्यावर लाल रंगाचं पातळ द्रव लावायचं, थोडा वेळ थांबायचं, पुसून टाकायचं. भेग असेल तर रंग आत शिरून बसतो. वरून पांढरी पावडर मारली की तो बाहेर ओढला जातो आणि रेष दिसते. याला डाय टेस्ट म्हणतात. तीन नंबरच्या टाकीत भेग होती.

टाक्या टायटॅनियमच्या, कलिंगडाएवढ्या. रॉकेटमध्ये इंधन पुढे ढकलायला दाबाखालचा गॅस लागतो, तो यांत भरतात. ऑर्डर चारच टाक्यांची होती. ग्राहक एक खाजगी रॉकेट कंपनी. या चार पसंत पडल्या तर पुढच्या चाळीस आम्हाला मिळणार होत्या.

त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही फक्त सरकारी काम केलं. सरकारचा इन्स्पेक्टर आमच्याकडे येऊन बसायचा. माझ्या सहीखाली त्याची सही. काही निघालं तर कमिटी बसायची, महिना-दीड महिना जायचा, निर्णय व्हायचा. घाई कुणालाच नसायची. मग धोरण बदललं. अंतराळक्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. पेपरमध्ये वाचून आम्हालाही बरं वाटलं. पण आमच्या वर्कशॉपला येणारी सुट्या भागांची सरकारी ऑर्डर वर्षागणिक कमी होत गेली. आमचे मालक देसले साहेब खाजगी कंपन्यांचे उंबरे झिजवायला लागले. त्यातून ही ऑर्डर आली होती.

जोड कचरूभाऊ भोये यांनी मारला होता. पेठ तालुक्याकडचे. आमच्याकडे टायटॅनियमला हात लावायची परवानगी त्यांना एकट्यालाच होती. मी त्यांना बोलावलं.

"कचरूभाऊ, जोडाला भेग दिसतेय. बघा जरा."

ते वाकले. "कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. ते टाकीवर नाक टेकेपर्यंत वाकले आणि शोधत राहिले. पांढऱ्यावर लाल रेष. मला ती दोन हातांवरून दिसत होती.

"तुम्हाला दिसत नाही का?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं.

"वरीस झालं मॅडम. मधोमध धूसर दिसतंय. कडेचं दिसतं, मधलं नाय. हाताच्या सवयीनं मारतो. कुणाला बोललो नाय."

हा जोड आधी एकदा दुरुस्त झालेला होता आणि ड्रॉइंगमध्ये एकाच दुरुस्तीची मुभा होती. म्हणजे टाकी रिजेक्ट.

देसले साहेबांच्या केबिनमध्ये निखिल बसला होता. रॉकेट कंपनीचा इंजिनिअर, टाक्या न्यायला आलेला. मी सांगितल्यावर दोघांचे चेहरे उतरले.

निखिल म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमध्ये भेग आली की आम्हाला कन्सेशन घ्यावं लागेल."

कन्सेशन म्हणजे दोष आहे, पण चालवून घेतो, असा लेखी निर्णय.

"मग घ्या."

"ते लाँचच्या परवानगीच्या फाइलला जोडायचं. फाइल सरकारकडे गेलीय. ती परत येणार, पुन्हा वर जाणार. आमची तारीख हातची जाईल. ती रेष नॉन-रेलेव्हंट लिहिता येईल का?"

म्हणजे रेष दिसते, पण दोष नाही. रंग नीट पुसला गेला नाही की असं होतं.

"मी तीनदा टेस्ट घेतलीय."

देसले साहेब म्हणाले, "निकाळजे मॅडम, इथे बावीस माणसं आहेत."

"माहीत आहे साहेब. मी त्यांतलीच आहे."

साहेब ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

रिपोर्टमध्ये दोषाचं कारणही लिहायचं असतं. 'अज्ञात' लिहिता आलं असतं. पुष्कळ जण लिहितात. पण मग पुढची टाकीही कचरूभाऊंकडेच गेली असती. मी त्यांच्याकडे गेले. ते बाकावर हातमोजे मांडीवर घेऊन बसले होते.

"डोळ्यांचं लिहावं लागेल, भाऊ."

"लिवा. नाव टाकावं लागतं का?"

"नाव नाही. वेल्डर नंबर."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. टायटॅनियमचा वेल्डर नंबर आमच्याकडे एकच होता. ते त्यांनाही माहीत होतं.

मी लिहिलं आणि सही केली.

निखिलच्या कंपनीची तारीख गेली. पुढच्या चाळीस टाक्या दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपला गेल्या. टायटॅनियमच्या वेल्डिंगसाठी राखलेल्या आमच्या खोलीत आता पुठ्ठ्याची खोकी रचली गेली. कचरूभाऊंना तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आजार सांगितला, चष्म्याने सुधारणार नव्हता. वेल्डिंगला अनफिट. पंधरवड्यात त्यांचा हिशोब झाला आणि ते गावी गेले. वर्षभरात मीही अंबडच्या एका कंपनीत लागले.

तिथे असतानाच ते रॉकेट उडालं. नीट गेलं. संध्याकाळी निखिलचा फोन आला.

"मॅडम, तुमची तीन नंबरपण वर गेली! डिझाइनवाल्यांनी हिशोब करून कन्सेशन दिलं होतं. प्रेशर टेस्टला टिकली, आजही टिकली."

त्याने चांगल्या मनाने सांगितलं. मी अभिनंदन केलं आणि मग कचरूभाऊंना फोन लावला. त्यांना कळायला हवं असं मला वाटलं. लावायला नको होता.

"टिकली?" त्यांनी विचारलं.

"टिकली."

"म्हंजी जोड बरा होता."

"भेग होती, भाऊ. पण टिकली."

"मंग मला कशापायी काढलं?"

डोळ्यांमुळे, असं मी म्हणू शकले असते. खरं तेच होतं. पण मला ते फोनवर बोलवेना. मी घरच्यांची चौकशी केली. त्यांनी हाय-नाय केलं आणि फोन ठेवला.

रिपोर्ट मी आजही तसाच लिहीन. चुकले ते त्यानंतर. टाक्या धुणं, पॅकिंग, स्टोअर, यातलं एखादं काम त्यांना द्या, असं मी देसले साहेबांना म्हणू शकले असते. कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. मी म्हटलं नाही. सही झाली की इन्स्पेक्टरचं काम संपतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं, आणि मी ते धरून बसले. टाकीसाठी कन्सेशनचा अर्ज कंपनीने केला. कचरूभाऊंसाठी कुणीच केला नाही.