काकीने उन्हात धरलेला फोटो

कोणी मला अंगारा लावायला आलं, तर शर्टाला डाग पडेल म्हणून मागे सरकणारा मी माणूस. आसनगावहून रोज कल्याणला नोकरीला जातो. पास आणि टाइमटेबल सोडून कशावर माझा विश्वास नाही. त्यामुळे हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं... पण मागच्या अंकात कोणीतरी रिपोर्टची वाट बघण्याबद्दल लिहिलं होतं, ते वाचून राहवलं नाही.

१९९८ ची गोष्ट. भातझोडणी नुकतीच संपलेली. आमचं घर शहापूरपासून तीन किलोमीटर आत. आई लहानपणीच गेली, मला काकीने वाढवलं. तिच्या पोटात गाठ लागली म्हणून कल्याणच्या एका सेंटरला स्कॅन केला. फिल्म लगेच मिळाली. लेखी रिपोर्ट मात्र दहा दिवसांनी.

ते दहा दिवस! काका रचलेला पेंढा मोडून पुन्हा रचायचे. मी ऑफिसात एकच फाइल उघडायचो आणि बंद करायचो. घरी येणारा प्रत्येक जण खिळ्याला अडकवलेलं पाकीट काढून तो 'फोटो' बघायचा. एकाने गॅस सांगितला, दुसऱ्याने मुतखडा. आमच्या गावात डॉक्टरांचा तोटा नाही, फक्त डिग्र्या नाहीत.

काकीला मात्र एक गोष्ट खरंच यायची. खुडूक कोंबडीखालची अंडी आठवड्याने एकेक करून उन्हात धरायची, एक डोळा मिटायची आणि सांगायची — ह्यात पिल्लू हाय, ह्यात नाय. सहसा चुकायची नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तो फोटो तसाच अंगणात उन्हात धरला. खूप वेळ बघत होती. मग पाकिटात घालून माझ्या हातात दिला.

"ही मी नाय रे," ती म्हणाली. "ही डावखुरी बाई हाय. घाटाकडं तोंड करून भाकरी थापते. आणि हिचं वाईट हाय."

फिल्मवर नाव छापलेलं होतं, सुमन जाधव. काकीचंच. वय सेहेचाळीस, आणि मी काउंटरवर बहुतेक पन्नास सांगितलं होतं. पण आमच्याकडे वयं अंदाजानेच सांगतात, कधी पंचेचाळीस, कधी पन्नास. तिकडे कोण लक्ष देतंय? मी काकीला समजावलं, मग चिडलो. भीतीने माणूस काहीही बोलतो, असं काकांना म्हणालो.

पण तिला स्वतःची भीती वाटतच नव्हती. त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं... चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. ताट वाढलेलं तसंच. मी घरी आलो की एकच विचारायची, त्या बाईला कोणी सांगितलं का?

दहाव्या दिवशी रिपोर्ट घेतला. कॅन्सर. पुढचं इंग्रजी वाचलंच नाही. सेंटरच्या पायरीवर बसून मी लोकांदेखत रडलो. घरी गेल्यावर काकी पुन्हा तेच म्हणणार, हे मला माहीत होतं. केवळ तिचं समाधान व्हावं म्हणून मी परत आत गेलो आणि रजिस्टर बघायला लावलं.

त्या दिवशी दोन सुमन जाधव होत्या.

दुसरी मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याची. काकीचा रिपोर्ट — साधी गाठ, काळजीचं कारण नाही — दोन दिवसांपूर्वी तिच्या घरी गेला होता. काउंटरवरचा माणूस पांढराफटक पडला. त्यांना पत्र पाठवतो म्हणाला.

घरी सांगितलं तेव्हा काका मटकन खाली बसले. काकी बसली नाही.

"पत्राची वाट बघू नको," ती म्हणाली. "तू जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने वैशाखऱ्याला उतरलो. घर विचारत गेलो. समोर सगळा माळशेजचा डोंगर. पडवीत चुलीपाशी एक बाई त्या डोंगराकडे तोंड करून भाकरी थापत होती... डाव्या हाताने.

स्कॅन सेंटरवरून आलोय म्हटल्यावर ती हसत उठली. आतून साखर आणून माझ्या हातावर ठेवली.

"खा, भाऊ. रिपोर्ट चांगला आला. जीव टांगणीला लागला होता नुसता."

ती साखर मुठीत धरून मी सगळं सांगितलं. कसं, ते आठवत नाही. काकीने फोटोत काय बघितलं, तेही सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडच्या पाकिटातून फोटो काढला, उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"हां," ती म्हणाली. "ही मीच."

तिचं ऑपरेशन वेळेत झालं. आज आठ वर्षं झाली, ती आहे. काकीही आहे.

पोटाच्या फोटोत हात दिसत नाही, दार दिसत नाही, डोंगर तर नाहीच. दोन डॉक्टरांना विचारलं, दोघे हसले. मीही हसलो असतो.

काकीने मात्र त्यानंतर एकही अंडं उन्हात धरलं नाही. मी कितीदा कारण विचारलं, ती टाळायची. गेल्या वर्षी एकदाच म्हणाली —

"तिनं तुझ्या हातावर साखर ठेवली ना रे, तवाच ठरवलं. आता परत नाय बघायचं."

साखरेचं मी घरी कधीच, कोणालाच सांगितलं नव्हतं.